लॅपटॉप, राउटर आणि मधली हवा

लॅपटॉपवर चाललेली बैठक मध्येच गोठली किंवा बँकेचे पान अर्ध्यावर अडकले, की घरोघरी ‘नेट गेले’ एवढेच म्हटले जाते; परंतु त्या दोन शब्दांत किमान तीन वेगवेगळे दुवे झाकले जातात. लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा बिनतारी दुवा हा पहिला, राउटरपासून सेवा पुरवणाऱ्या कंपनीपर्यंत गेलेली केबल हा दुसरा, आणि तिथून पुढे अपेक्षित संकेतस्थळापर्यंत पसरलेले जाळे हा तिसरा. वायफाय हे नाव यांपैकी फक्त पहिल्या दुव्याचे आहे. अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीवरचे उपाय बहुधा फसतात, कारण नेमका कोणता दुवा निखळतो हे ठरवण्याआधीच राउटर बंद-चालू करणे, पासवर्ड बदलणे आणि कंपनीकडे तक्रार नोंदवणे हे सारे एकदम सुरू होते, आणि मग गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

दुवे वेगळे पाडण्याचे जुने आणि आजही उत्तम साधन म्हणजे ‘पिंग’ ही आज्ञा होय. एखाद्या पत्त्यावर लहानसा संदेश पाठवून त्याचे उत्तर किती मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या किती हजाराव्या भागांत, परत येते हे ती सांगते. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून एकीतून घरच्या राउटरला, ज्याचा पत्ता पुष्कळ घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो, आणि दुसरीतून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक पत्त्याला, सतत पिंग करत ठेवावे. राउटरकडून उत्तरे नियमित येत असताना बाहेरची थांबली, तर लॅपटॉपकडे बोट दाखवण्याचे कारण उरत नाही. राउटरचेच उत्तर कधी ३ मिलिसेकंदांत, कधी ४०० मिलिसेकंदांत आणि कधी येतच नसेल, तर दोष हवेतल्या दुव्यात आहे. दोन्ही उत्तरे सुरळीत येऊनही पाने उघडत नसतील, तर संशय डीएनएसवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचे अंकी पत्त्यात रूपांतर करणाऱ्या सेवेवर, घ्यावा लागतो. याच्या जोडीला लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला लावून पाहिला, तर निदान बव्हंशी पक्के होते.

हवेतला दुवा दोषी ठरला, तर हे सारे रेडिओचेच प्रकरण आहे हे ध्यानात घ्यावे लागते. आकाशवाणी पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्‌झच्या मध्यमलहरींची लांबी सुमारे ३८० मीटर असते, तर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर भरते. इतक्या आखूड लहरी भिंती, आरसे आणि लोखंडी कपाटे यांवर आपटून अनेक वाटांनी लॅपटॉपपाशी पोचतात आणि एकमेकींना कुठे बळ देतात, तर कुठे पुसून टाकतात; त्यामुळे टेबलावर लॅपटॉप वीतभर सरकवला तरी फरक पडू शकतो. सळयांचे काँक्रीट आणि पाण्याची टाकी हे तर मोठेच अडथळे. तरीही राउटरची जागा लहरींचा विचार करून ठरतच नाही. केबल टाकणाऱ्याने भोक जिथे पाडले, तिथे, म्हणजे बहुधा टीव्हीच्या मागे किंवा चपलांच्या कपाटावर, तो कायमचा बसतो.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या सिग्नलच्या दांड्यांवर फार विसंबण्यात अर्थ नाही. राउटरच्या लहरींची तीव्रता डीबीएम या एककात मोजतात. उणे ५० हा आकडा उत्तम, उणे ६७ च्या आसपासचा कामापुरता आणि उणे ८० चा दुबळा मानला जातो, आणि दर १० अंकांच्या घसरणीला शक्ती दहाव्या हिश्श्यावर येते. दांड्या हीच तीव्रता ढोबळपणे दाखवतात. त्या हवेत इतर किती जण बोलत आहेत, याचा त्यांत पत्ताच नसतो.

शहरातल्या सोसायटीत खरी अडचण मात्र या गर्दीचीच असते. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये मोकळा झाला. पहिल्या पट्ट्यात १३ चॅनेल आहेत खरे, पण ती एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्‌झ अंतरावर असून प्रत्येक प्रक्षेपण किमान २० मेगाहर्ट्‌झ रुंद असते. त्यामुळे परस्परांत न घुसणारी म्हणून १, ६ आणि ११ ही तीनच चॅनेल सर्वत्र सुचवली जातात. वायफायचे प्रत्येक उपकरण बोलण्याआधी हवा मोकळी आहे का हे ऐकते, संदेश पाठवते आणि पोचपावतीची वाट पाहते. पावती आली नाही, तर थोडे थांबून तोच संदेश पुन्हा पाठवते. रात्री नऊला शेजारपाजारचे सगळेच काही ना काही पाहत असताना नेट रखडते, त्यामागे हे थांबणे आणि हे पुन्हा पाठवणे असते. शेजाऱ्याचे चॅनेल ६ आहे म्हणून स्वतःचे ४ वर नेणे हा शहाणपणा वाटतो, पण तो अंगाशी येतो: एकाच चॅनेलवरची उपकरणे एकमेकांना ऐकून पाळीपाळीने बोलतात, तर अर्धवट घुसलेल्या चॅनेलवरचे बोलणे नुसता गोंगाट ठरते. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हनही सुमारे २.४५ गिगाहर्ट्‌झवरच चालतो, आणि तो सुरू होताच जोडणी डळमळत असेल तर वेगळा पुरावा लागत नाही.

५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चॅनेल पुष्कळ आणि वर्दळ कमी असते, पण भिंत ओलांडताना त्या लहरी अधिक क्षीण होतात. शिवाय दोन्ही पट्ट्यांना राउटरने एकच नाव दिले असेल, तर सीमेवरच्या खोलीत बसलेला लॅपटॉप एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो आणि दर उडीला क्षणभर तुटतो. तपासणीपुरती तरी दोन्ही नावे वेगळी ठेवावीत. बाजारात ‘बूस्टर’ म्हणून मिळणारी स्वस्त उपकरणे तोच संदेश त्याच चॅनेलवर दुसऱ्यांदा पाठवतात, म्हणजे गर्दीत भरच घालतात, हे सांगण्याच्या फंदात विक्रेते सहसा पडत नाहीत.

राउटरजवळ बसूनही एकच लॅपटॉप रडत असेल आणि शेजारचा फोन व्यवस्थित चालत असेल, तर शोध लॅपटॉपच्या पोटात घ्यावा लागतो. यूएसबी ३ च्या, बहुधा निळ्या तोंडाच्या, खाचेत लावलेली बाहेरची हार्डडिस्क २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट सोडते, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्ये एका टिपणातून दाखवून दिले होते. डिस्क काढून पाहणे हाच त्याचा तपास. चार्जर लावला असता नीट चालणारे वायफाय बॅटरीवर तुटत असेल, तर वीज वाचवण्याची सोय संशयित ठरते: विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय ॲडॉप्टरच्या पॉवर मॅनेजमेंट या भागात, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण असते, ती काढून टाकावी, नव्या लॅपटॉपांत मात्र हा भाग दिसेलच असे नाही. विंडोज १० आणि ११ या आवृत्त्यांत ‘नेटएसएच’ या आज्ञेद्वारे मागवता येणारा वायफाय अहवाल मागील तीन दिवसांतील प्रत्येक जोडणी आणि तिच्या तुटण्याचे नोंदवलेले कारण वेळेसह दाखवतो. ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांच्यामधील दुभाषी आज्ञावली, नवी घालून बिघाड सुरू झाला असेल, तर तो त्यात तारखेवरून उमगतो.

एवढे करूनही झाकण पुढेमागे करताना जोडणी ये-जा करत असेल, तर दोष बहुधा तारेचा असतो. पुष्कळ लॅपटॉपांत वायफायचे अँटेना पडद्याच्या चौकटीत बसवलेले असून त्यांच्या बारीक तारा बिजागरीतून खालच्या कार्डापर्यंत येतात. रोजच्या उघडझापीने त्या झिजतात किंवा कार्डावरील त्यांची चिमुकली टोपी निसटते. मागचे झाकण उघडून ती टोपी पुन्हा दाबून बसवणे हे कारागिराचे काही मिनिटांचे काम आहे. तार तुटली असेल आणि पडदा उकलण्याचा खर्च परवडत नसेल, तर यूएसबीचा वेगळा वायफाय ॲडॉप्टर घेऊन तो हातभर वाढीव तारेने लॅपटॉपपासून दूर ठेवावा.