कार्लाइलचा एक हंगाम

९ नोव्हेंबर १९१२. अमेरिकेत हडसन नदीच्या काठी, वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाच्या मैदानावर फुटबॉलचे दोन संघ समोरासमोर उभे राहिले. एका बाजूस उद्याचे सेनाधिकारी होते. दुसऱ्या बाजूस होती त्या भूमीच्या मूळ रहिवाशांची मुले. त्यांच्या वाडवडिलांशी याच सेनेने पिढ्यान्‌पिढ्या युद्ध केले होते. वुंडेड नी येथील कत्तलीला तेव्हा अवघी बावीस वर्षे लोटली होती. तो सामना निव्वळ खेळ राहिला नव्हता, हे उभय पक्ष जाणून होते.

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. यात लंबगोल चेंडू हाती घेऊन धावावयाचे असते आणि प्रतिस्पर्ध्याने अंगावर झेप घेऊन धावणाऱ्यास भुईवर आणावयाचे असते. १९०५ साली या खेळात इतके तरुण दगावले की, खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना पाचारण करावे लागले. परिणामी १९०६ पासून चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली. केवळ शरीरभाराच्या बळावर जिंकण्याचे दिवस सरले. चपळाईला आणि युक्तीला मोल आले. अंगाने हलक्या अशा एका संघाला हा बदल विशेष मानवला. तो संघ म्हणजे पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील इंडियन औद्योगिक शाळेचा.

ही शाळा रिचर्ड हेन्री प्रॅट या सेनाधिकाऱ्याने १८७९ साली एका जुन्या लष्करी छावणीत स्थापन केली. मुलामधला इंडियन मारावा आणि माणूस तेवढा वाचवावा, असे तिचे ब्रीद प्रॅटनेच पुढे सांगितले. शेकडो कोसांवरून मुले आणली जात. येताच त्यांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषेत बोलण्यास मनाई होई. कित्येक मुले परतलीच नाहीत; शाळेच्या आवारातच त्यांना पुरण्यात आले. अशा ठिकाणी जो खेळ शिकविला गेला, तो त्या मुलांनी मात्र आपलासा केला.

त्यांचा शिक्षक ग्लेन वॉर्नर हा डावपेचांत निष्णात होता. १९१२ च्या संघाचा कर्णधार होता ओक्लाहोमातील सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांची सुवर्णपदके त्याने जिंकली होती. संघाच्या चाली ठरविणारा गस वेल्च आणि धिप्पाड जो गायन हे दोघे चिप्पेवा जमातीचे. या संघाला घरचे मैदान असून नसल्यासारखे होते. मोठ्या विद्यापीठांच्या मैदानांवर पैसा अधिक मिळे. म्हणून हंगामभर मुलांचा मुक्काम जणू आगगाडीतच असे.

वेस्ट पॉइंटच्या सामन्यात आरंभी गुण मिळविले ते सेनेने. मध्यंतरास कार्लाइल केवळ एका गुणाने पुढे होते. उत्तरार्धात सेनेच्या कर्णधाराचा तोल गेला. गायनवर हात उगारल्याबद्दल त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. मग वॉर्नरच्या नव्या व्यूहरचनेपुढे सेनेचा बचाव कोलमडला. निकाल लागला २७–६. थॉर्पला अडविण्यासाठी जिवाचे रान करणाऱ्यांत ड्वाइट आयसेनहॉवर नावाचा एक विद्यार्थी होता. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा फुटबॉल संपला. हाच तरुण पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि १९५९ च्या डिसेंबरात भारतभेटीस आला.

त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४–२६ असे हरविले. हंगामातील हा एकमेव पराभव. चौदा सामन्यांत बारा विजय, एक बरोबरी, एक हार, असा जमाखर्च मांडून नोव्हेंबरअखेर संघ घरी परतला.

तथापि या कहाणीचा शेवट मैदानावर झाला नाही. १९१३ च्या जानेवारीत असे उघड झाले की, थॉर्प पूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत अल्प मोबदल्यावर बेसबॉल खेळला होता. तेवढ्यावरून त्याची पदके काढून घेण्यात आली. इकडे शाळेच्या कारभाराविरुद्ध विद्यार्थ्यांनीच अर्ज केला. त्यात वेल्च पुढे होता. १९१४ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीने चौकशी केली, तीत फुटबॉलच्या उत्पन्नाचा विनियोगही निघाला. ज्यांच्या श्रमांतून पैसा उभा राहिला, त्यांनीच त्याचा हिशेब मागितला. १९१८ साली शाळा बंद झाली.

थॉर्प १९५३ साली वारला, तेव्हा आयसेनहॉवर अध्यक्षपदावर होते. त्याची पदके १९८३ साली त्याच्या मुलांना परत मिळाली, पण विजेतेपद वाटून दिलेले होते. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा नोंदले जावयास २०२२ साल उजाडावे लागले. २०१७ पासून कार्लाइलच्या दफनभूमीतील काही मुलांचे अवशेष आपापल्या जमातींच्या भूमीत परत नेले जात आहेत. २०२४ च्या डिसेंबरात ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली.

त्या मुलांना आपले मूळ विसरावयास लावण्यासाठी ती शाळा उभी राहिली होती. तिचे नाव लोकांच्या स्मरणात राहिले, ते मात्र याच मुलांच्या खेळामुळे.