बारदानासकट वजन

आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्याचं वजन करताना बारदान वजा धरतात. तागाच्या पोत्याला हळदीचा भाव कोण देईल? ई-मेलचा कारभार मात्र उलटा. तिथं बारदानासकट वजन होतं. हे ठाऊक नसल्यामुळं आमच्या शेजारच्या अण्णांची तीन आठवडे झोप उडाली होती.

गोष्ट ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतरची. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं. अण्णांचं किराणा मालाचं दुकान गणपती पेठेत. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं, तर साखरेच्या जागी नुसती रिकामी पोती आणि सगळीकडं गाळ. दुकानाचा विमा होता. पण कुजलेला माल ठेवणार किती दिवस? पेठेत वास मावत नव्हता. मुलानं मोबाइलवर चौदा फोटो काढले. भिंतीवरची पाण्याची रेघ, फुगलेली डाळीची पोती, स्टॉक रजिस्टरची चार ओली पानं. मग माल बाहेर काढला. आता पुरावा म्हणाल तर ते फोटो. विमा कंपनीनं सांगितलं, ‘ई-मेल करा.’ कंपनीचं नाव मी घेत नाही.

एकेक फोटो चार एमबीचा, म्हणजे एकूण छप्पन्न. जीमेलवरून 25 एमबीपर्यंतच जोडता येतं. त्यावर गेलं की फाइल आपोआप ड्राइव्हवर ठेवली जाते आणि पत्रातून फक्त तिची लिंक जाते. मुलाला वाटलं, गेलं. आठ दिवसांनी उत्तर आलं : आमच्या संगणकावर अशा लिंक उघडत नाहीत, फोटो जोडूनच पाठवा, मर्यादा दहा एमबी.

मुलानं हिशेब केला. दोन फोटो, आठ एमबी. सात ई-मेल पाठवले आणि बापलेक निर्धास्त झाले. दोन आठवड्यांनी अण्णांनी फोन केला, तर पलीकडून ‘काहीच आलेलं नाही!’ तेव्हा ते माझ्याकडं आले. मी कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत नोकरी केलेली, म्हणून गल्लीतला सर्वज्ञ.

‘सर, आठ म्हणजे दहापेक्षा कमीच की ओ!’

इनबॉक्स उघडला. इंग्रजीत ‘मेल डिलिव्हरी सबसिस्टिम’ अशा नावानं आलेली सात पत्रं तशीच पडली होती. मुलाला ती जाहिरात वाटली होती. ती परत आलेल्या टपालाची चिठ्ठी होती. आत स्वच्छ लिहिलं होतं : पत्राचा आकार मर्यादेबाहेर.

आता आठाचे दहापेक्षा जास्त कसे झाले? ई-मेल मुळात साध्या इंग्रजी मजकुरासाठी तयार झाली. फोटो त्यातून न्यायचा तर आधी तो अक्षरांच्या रूपात बांधावा लागतो. या बांधणीत दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात. म्हणजे वजन एक तृतीयांशानं वाढतं. हेच बारदान. आठ एमबी वाटेत जवळजवळ अकरा होतात. या पद्धतीनं पहिली जोडणी नॅथॅनिएल बोरेनस्टाइन यांनी 11 मार्च 1992 रोजी पाठवली. त्यात त्यांच्या चौघांच्या गायकचमूचा फोटो आणि आवाज होता. गंमत म्हणजे पुढं कित्येक वर्षं हॉटमेलची फुकटची अख्खी पेटीच दोन एमबीची होती. 1 एप्रिल 2004 ला जीमेलनं एक जीबीची घोषणा केली, तेव्हा अनेकांना तो एप्रिल फूल वाटला. पेटी कितीही मोठी झाली, तरी बारदान तेच राहिलं.

मुलानं झिप करूनही पाहिलं होतं. फरक नाही. मोबाइलचा फोटो आधीच दाबून भरलेला असतो. वाळलेली हळद पुन्हा उन्हात घालून काय सुकणार! व्हॉट्सॲपवरून मला पाठवलेल्या फोटोंत रजिस्टरचे आकडे पुसट झाले होते, आणि फोटोच्या पोटात असलेली तारीख-वेळही गळली होती. पुराव्याच्या कामाला ते नकोच.

म्हणून आम्ही दोन वाटण्या केल्या. दुकानाचे दहा फोटो 4000 पिक्सेल रुंदीवरून 1600 वर आणले. प्रत्येकी एक एमबीच्या आत बसले, पाण्याची रेघही स्पष्ट दिसत होती. पाच-पाचाचे दोन ई-मेल झाले. रजिस्टरच्या पानांना हात लावला नाही, कारण तिथं आकडा वाचता आला पाहिजे. एका ई-मेलमध्ये एकच पान. मूळ फोटो फोनमध्ये तसेच ठेवले, शिवाय पेनड्राइव्हवर एक प्रत. विषयाच्या ओळीत पॉलिसी क्रमांक आणि पुढं ‘6 पैकी 1’, ‘6 पैकी 2’ असं लिहिलं. प्रत्येक पत्राखाली अण्णांनी स्वतः सांगून एक वाक्य घालायला लावलं : ‘कृपया पोच द्यावी.’ जुन्या पेढीची सवय! मला तर या साऱ्या खटाटोपात हेच वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. कारण पत्र आपल्याकडून गेल्याचं आपल्याला दिसतं, पण पलीकडच्याला न आलेलं पत्र कसं दिसावं?

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. पाच मिळाली, चौथं नाही. क्रमांक नसते तर कोणतं राहिलं हे कळलंही नसतं. चौथं पुन्हा पाठवलं, आणि त्याचीही पोच आली.

त्याच आठवड्यात सर्व्हेअर पेठेत आला. अण्णांनी तोवर भिंतीला रंग लावू दिला नव्हता. सर्व्हेअरनं फोटो समोर धरला, टेप काढली आणि रेघेची उंची मोजायला सुरुवात केली.