रिव्ह्यूचे पैसे नक्की कोण देतं?

आजचा विषय म्हणजे माझी दुखरी नस आहे: छंदाची मासिकं आणि त्यातल्या जाहिराती.

नोकरी लागल्यावर तिसऱ्या पगारातून मी स्पीकरची जोडी घेतली. एका मासिकाने तिला पाच तारे दिले होते. घरी आणून लावली, तर डग्गा नुसता घुमायचा, बोल काही कळायचे नाहीत. पुन्हा अंक उघडला. रिव्ह्यूनंतर तीनच पानांवर त्याच स्पीकरची पानभर जाहिरात! आणि रिव्ह्यूत एक वाक्य होतं: लहान खोलीत जागा विचारपूर्वक निवडावी. म्हणजे बघा, दोष लिहिलेला होता. फक्त माझ्यासारख्या नवख्याला कळणार नाही अशा भाषेत.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेत 1950 च्या दशकात जे. गॉर्डन होल्ट नावाचे गृहस्थ 'हाय फिडेलिटी' या मासिकात उपकरणं तपासून त्यांच्यावर लिहायचे. तिथे जाहिरातदारांची मर्जी फार सांभाळली जाते, हे त्यांना पटेना. शेवटी ते बाहेर पडले आणि 1962 मध्ये त्यांनी 'स्टिरिओफाईल' काढलं. जाहिराती नाहीत, खर्च वर्गणीतून. वाईट असेल तर वाईट लिहायचं आणि मुख्य म्हणजे घरी गाणी ऐकून मत द्यायचं.

पण या प्रामाणिकपणाची किंमतही होती. पैसा कमी, माणसं कमी, त्यामुळे अंक वेळेवर निघेनात. वर्गणीदार वाट बघत बसायचे. पुढे मालकी बदलली, जाहिराती आल्या, अंक नियमित झाला. आज त्याच 'स्टिरिओफाईल'मध्ये भरपूर जाहिराती दिसतात. म्हणून मी जाहिरातींना सरसकट शिव्या घालणार नाही. आपण अंकाची जी किंमत देतो, त्यात कागद-छपाईचा खर्चही बऱ्याचदा निघत नाही. उरलेला जाहिरातदार भरतो.

मग अडचण कुठे आहे? संपादक पैसे घेऊन खोटं लिहितो, असं चित्र आपण डोळ्यासमोर आणतो. तसं क्वचित होत असेल. खरा परिणाम दिसतो तो न छापलेल्या मजकुरात. जुना अॅम्प्लिफायर घरी कसा दुरुस्त करायचा, या लेखाशेजारी जाहिरात कोण देणार? खोलीत जाड पडदे लावा, स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढा, या सल्ल्यातून कुणाचा माल खपणार? असे लेख हळूहळू कमी होतात आणि 'या वर्षीचे दहा उत्तम' वाढत जातात. ऐकण्याचा छंद कधी खरेदीचा छंद झाला, हे आपल्याला समजतही नाही.

दुसरी वाटही आहे. अमेरिकेतलं 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' 1936 पासून जाहिराती घेत नाही, आणि तपासायच्या वस्तू दुकानातून स्वतः विकत आणतं. पण त्याचे पैसे वाचकाला मोजावे लागतात. आपण मोजतो का?

तेव्हा पुढचा रिव्ह्यू वाचताना, किंवा यूट्यूबवर बघताना, एवढं विचारा: वस्तू विकत घेतली होती की कंपनीने पाठवली होती? आणि या माणसाने शेवटचं 'घेऊ नका' कधी म्हटलं होतं?

बाय द वे, माझे स्पीकर अजून आहेत. भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले, आणि डग्गा बोलायला लागला. खर्च शून्य. हे मला त्या मासिकाने सांगायला हवं होतं.

भेटू पुढच्या भागात!