ग्रंथप्रकाशनाची नवी वाट

(तालुक्याच्या ग्रंथालयात भरलेल्या शिक्षक, ग्रंथपाल व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपण वर येताना जिन्याखालचे लोखंडी कपाट पाहिले असेल. त्यात या ग्रंथालयाकडे ‘कधीतरी छापू’ म्हणून लोकांनी ठेवलेली हस्तलिखिते आहेत. एका निवृत्त तलाठ्याने लिहिलेला गावाचा इतिहास आहे, एका शिक्षिकेने वीस वर्षे जमवलेले बोलीतील शब्द आहेत, जात्यावरच्या ओव्यांच्या दोन वह्या आहेत. यांतील काही लेखक आज हयात नाहीत. ग्रंथपालांनी परवा कपाट उघडले तेव्हा एका वहीची कडा वाळवीने खाल्लेली निघाली. आजच्या माझ्या विषयाचा संबंध या कपाटाशी आहे.

पदरमोड करून पुस्तक छापण्याचा अनुभव मलाही आहे. नोकरीत असताना मी आमच्या खोऱ्यातील जुन्या पाणीवाटपाच्या रिवाजांवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि पाचशे प्रती काढल्या. शंभर प्रती मित्रांनी व नातेवाइकांनी नेल्या. त्यांतील बऱ्याच फुकट, हेही सांगितले पाहिजे. उरलेल्या प्रती पलंगाखाली राहिल्या. पुढे एका गृहस्थाने दूरध्वनी केला की, ठरावीक रक्कम भरली तर ते पुस्तक ‘ई-पुस्तक’ करून जगभर नेतील. मी रक्कम भरली. पुस्तक निघाले, पण पडद्यावर उघडले तेव्हा मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि चौकोन यांची खिचडी होती. ते असे का झाले, हे पुढे सांगतो.

लिहिलेले वाचकापर्यंत न पोचण्याची व्यथा मराठीला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून झाला. त्याचा काही भाग ‘दीनबंधू’त आला आणि मग छपाई थांबली, संपूर्ण ग्रंथ त्यांच्या हयातीत छापून निघाला नाही. छापखाना ज्याच्या हाती, त्याच्या हाती ग्रंथाचे भवितव्य, अशी ती स्थिती होती. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, जपल्या आणि आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडल्या म्हणून १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. प्रत्येक घरात सोपानदेव नसतात.

अशीच अडचण अमेरिकेत मार्क कोकर नावाच्या गृहस्थांना आली. त्यांनी पत्नीसह लिहिलेली कादंबरी प्रकाशकांनी नाकारली. गृहस्थ कॅलिफोर्नियात व्यवसाय करणारे. त्यांनी २००८ साली ‘स्मॅशवर्ड्स’ ही सेवा सुरू केली. पहिल्या वर्षी तिच्यावर अवघी १४० पुस्तके आली. पुढे ही संख्या लाखांत गेली. २०२२ मध्ये ओक्लाहोमातील ‘ड्राफ्ट टू डिजिटल’ या तशाच दुसऱ्या सेवेने तिला आपल्यात सामावून घेतले. अशा सेवेला ‘वितरक’ म्हणणेच योग्य, कारण ती हस्तलिखिताची निवड करीत नाही, संपादन करीत नाही, हक्क विकत घेत नाही.

तिचे काम असे चालते. लेखक संगणकावर टंकलेली प्रत, मुखपृष्ठाचे चित्र, पुस्तकाची ओळख आणि किंमत तिच्याकडे देतो. यंत्र त्या प्रतीचे रूपांतर ‘ई-पब’ या सर्वमान्य स्वरूपात करते. (स्मॅशवर्ड्सच्या यंत्राचे नाव ‘मीटग्राइंडर’, म्हणजे खिमा करण्याचे यंत्र. नाव गमतीचे असले तरी इशारा खरा होता : प्रत अव्यवस्थित दिली तर बाहेर खिमाच येई. म्हणून कोकर यांनी प्रत कशी तयार करावी याची पुस्तिका लिहून ती फुकट वाटली.) मग ते पुस्तक ॲपल, कोबो, बार्न्स अँड नोबल यांसारख्या दुकानांत आणि ग्रंथालयांना पुस्तके पुरवणाऱ्या संस्थांकडे एकाच वेळी जाते. किंमत बदलली की वितरक ती सर्वत्र कळवितो. स्मॅशवर्ड्सच्या काळात दुकानातून पुस्तक विकले गेले की छापील किमतीचे साधारण ६० टक्के लेखकाला, ३० टक्के दुकानाला आणि १० टक्के वितरकाला, असा हिशेब होता. वितरकाची मिळकत विक्रीतून होती, लेखकाच्या खिशातून नव्हे. माझ्या गृहस्थांनी नेमके उलट केले होते, हे मला फार उशिरा उमगले.

आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर आलेले नाव मात्र अ‍ॅमेझॉनचे असेल. नोव्हेंबर २००७ मध्ये तिने किंडल हे वाचनयंत्र आणले आणि त्याच वेळी लेखकांना स्वतः पुस्तक ठेवण्याची सोय दिली. तिला आज ‘के-डी-पी’ म्हणतात. पुस्तक ठेवण्यासाठी तेथे शुल्क नाही. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ व मल्याळम या भाषांची पुस्तके अधिकृतपणे आली. आपल्या दृष्टीने ही तारीख महत्त्वाची आहे. येथे लेखकास ३५ किंवा ७० टक्के स्वामित्वधन मिळते. पण भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक ‘सिलेक्ट’ योजनेत नोंदवावे लागते आणि नव्वद दिवस त्याचे ई-रूप अन्य कोठेही ठेवता येत नाही. म्हणजे एकाच घरी अधिक वाटा घ्यायचा, की थोड्या वाट्याने अनेक घरी जायचे, हा निर्णय लेखकाने करायचा असतो. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने दुसरा मार्ग धरावा असे मला वाटते. त्याला पैशापेक्षा वाचक हवा असतो, आणि वाचक कोठे बसला आहे हे आधी सांगता येत नाही.

आता त्या खिचडीकडे येतो, कारण मराठी लेखकाची पहिली ठेच येथेच लागते. आपल्याकडे अनेक वर्षे जे मराठी फॉन्ट वापरले गेले, त्यांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. कागदावर छापताना काही बिघडत नसे, कारण कागद फक्त आकार पाहतो. ई-पुस्तकाला मात्र आकारामागचा संकेत लागतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतंत्र स्थान आहे. हस्तलिखित त्यात असले तरच वाचकाच्या भ्रमणध्वनीवर अक्षर नीट उमटते, शब्द शोधता येतो, अक्षर मोठे करता येते. जुन्या प्रती युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत, परंतु बदलानंतर ओळ न् ओळ वाचावीच लागते. रफाराने व अर्ध्या ‘ऱ्या’ने पुष्कळांना फसविले आहे. लग्नाच्या घरी आचाऱ्यास बोलवायचे आणि निरोप आचार्यास जायचा, असे होऊ नये! शिक्षक मंडळींनी आपल्या विद्यार्थ्यांकडून इनस्क्रिप्ट कळफलकावर एक-एक वही टंकून घेतली तर मुलांचा सराव होईल आणि वहीही वाचेल.

कायद्याविषयी दोन गोष्टी मी आवर्जून सांगणार आहे. लेखनावरील हक्क लेखकाचा असतो. तो मिळविण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्यास द्यायचा तर तो लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरतात. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक तरतूद आली : हक्क देताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याला तो करार लागू होत नाही, करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज. तेव्हा आपल्या वडिलांचे एखादे पुस्तक पूर्वी कोणी छापले असेल तर तो कागद आधी बाहेर काढून जाणकाराला दाखवा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. जिन्याखालच्या कपाटातील कोणतीही वही वारसांना विचारल्याशिवाय प्रकाशित करता येणार नाही, मग हेतू कितीही चांगला असो. ओव्यांच्या बाबतीत गाणाऱ्या बाईचे नाव व गाव लिहा आणि तिची संमती घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांच्या चमूने एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत गाणाऱ्या स्त्रियांची नावे नोंदली. २०१७ पासून त्या ‘परी’ या संस्थेने सर्वांसाठी खुल्या केल्या. तो आदर्श समोर ठेवावा.

अमेरिकी सेवांकडून पैसे घ्यायचे तर ‘डब्ल्यू-८ बेन’ नावाचा नमुना भरावा लागतो. तो न भरल्यास तेथील विक्रीच्या रकमेतून ३० टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका करारानुसार स्वामित्वधनावर तो १५ टक्के होतो. नमुन्यात आपला पॅन क्रमांक द्यावा. ग्रंथक्रमांक, म्हणजे आय-एस-बी-एन, भारतात राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी हजार-दोन हजार मागितले तर ते मध्यस्थाचे आहेत, हे ध्यानी धरावे.

या मार्गाने श्रीमंत होण्याची आशा मी दाखवीत नाही. ‘द मार्शियन’ ही अँडी वीअर यांची कादंबरी त्यांनी २०११ मध्ये स्वतःच किंडलवर अत्यल्प किमतीत ठेवली आणि २०१५ साली तिच्यावर चित्रपट निघाला, ही गोष्ट खरी आहे. पण अशा पुस्तकांमागे न वाचली गेलेली कितीतरी पुस्तके असतात. दुकानात पुस्तक ठेवले म्हणजे ते विकले गेले, असे नव्हे. शिवाय दुकानेही टिकतातच असे नाही. मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान २०१९ मध्ये बंद केले. ग्राहकांना पैसे परत मिळाले, पुस्तके मात्र गेली. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्काच्या वादातून जॉर्ज ऑर्वेल यांची पुस्तके विकत घेतलेल्यांच्या यंत्रांतून दुरूनच काढून घेतली होती. म्हणून ई-पब प्रत आपल्या घरी, शाळेत आणि या ग्रंथालयात, अशी तीन ठिकाणी ठेवा आणि दहा-वीस प्रती तरी कागदावर काढा. छापील पुस्तकाच्या प्रती १९५४ च्या अधिनियमान्वये कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह नेमलेल्या ग्रंथालयांकडे पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे, आणि स्वतः छापणारा लेखक हाच प्रकाशक असतो. हे टपाल मीही माझ्या वेळी पाठवले नव्हते. गेल्या वर्षी पाठवले.

माझे पाणीवाटपाचे पुस्तक मी पुन्हा युनिकोडमध्ये टंकून, मुद्रिते तीन वेळा तपासून ठेवले आहे. आतापर्यंत एकतीस प्रती गेल्या. त्यांतील एका वाचकाने पत्र पाठवले. तो आमच्याच खोऱ्यातला, आता नोकरीनिमित्त परदेशी. त्याच्या आजोबांचे नाव पाळीपत्रकात चुकीचे आले होते, ते त्याने दुरुस्त करून दिले. छापील प्रतीत ती चूक तशीच राहिली असती. येथे दुसऱ्या दिवशी बदलली.

भोजनानंतर ग्रंथपाल जिन्याखालचे कपाट उघडणार आहेत. वारसांपैकी जे आज येथे आले आहेत त्यांनी संमतीचा कागद माझ्याकडून घ्यावा. ओव्यांच्या दोन वह्या प्रथम घेऊ. त्यांची शाई सर्वांत फिकी झाली आहे.