महाराजकुमार 'विझी' : एक चरित्र, एक धडा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र निवडावे, अशी चिटणीसांची सूचना होती. मी निवडलेला पुरुष सर्वार्थाने थोर होता असे मला म्हणता येणार नाही. परंतु थोरांची चरित्रे जेवढे शिकवितात, तेवढेच चुकलेल्या माणसांची चरित्रेही शिकवितात. शिवाय या चरित्राशी माझे एक खाजगी नाते आहे. ते शेवटी सांगेन.

विजयानंद गजपति राजू हे आंध्रातील विजयनगरम् संस्थानच्या राजघराण्यातील धाकटे पुत्र. त्यांचा जन्म १९०५ सालचा. गादी थोरल्या बंधूंकडे गेली आणि हे 'महाराजकुमार' म्हणून काशीच्या वाड्यात राहू लागले. क्रिकेटच्या जगात त्यांना सारे 'विझी' म्हणत. अजमेरचे मेयो कॉलेज आणि विलायतेतील शाळा येथे त्यांचे शिक्षण झाले. टेनिस, शिकार आणि क्रिकेट हे त्यांचे षौक. वाड्याच्या आवारात त्यांनी स्वतःचे मैदान तयार करविले आणि पदरी खेळाडू बाळगले. १९३०-३१ साली इंग्लंडच्या संघाचा नियोजित भारतदौरा राजकीय अशांततेमुळे रद्द झाला, तेव्हा या गृहस्थाने स्वतःचा संघ उभारला, जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ या जगप्रसिद्ध जोडीला त्यात आणले आणि भारत व सिलोन येथे सामने खेळविले. पैसा होता हे खरे, परंतु पैसा असलेले संस्थानिक पुष्कळ होते. तो खेळासाठी मोकळ्या हाताने खर्च करण्याची हौस थोड्यांनाच होती. हे श्रेय त्यांच्या पदरात टाकूनच पुढे गेले पाहिजे.

मात्र ही हौस तेथेच थांबली नाही. देणाऱ्याला मान मिळतो. मान मिळाला की अधिकार हवासा वाटतो. त्या काळी भारतीय संघाचा नायक राजघराण्यातलाच असावा असा संकेत होता. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर पोरबंदरचे महाराज नायक होते. त्यांचा खेळ बेताचा होता आणि त्यांना त्याची पुरी जाणीव होती. म्हणून लॉर्ड्सवर भारताचा पहिलावहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा ते स्वतः बाजूला राहिले आणि नेतृत्व नागपूरला जन्मलेल्या, होळकरांच्या पदरी असलेल्या सी. के. नायडूंच्या हाती आले. राजाने प्रजाजनाला पुढे केले, त्यात राजाचे काय कमी झाले? आज आपण त्या महाराजांचे नाव आदराने घेतो ते त्यांच्या धावांसाठी नव्हे.

१९३६ च्या दौऱ्यासाठी विझींनी मात्र वजन, पैसा आणि गाठीभेटी यांच्या बळावर नायकपद मिळविले. नायडू आता त्यांच्या हाताखाली खेळणार होते. पुढे जे घडले ते आपल्या क्रिकेटच्या इतिहासातले एक दुःखद प्रकरण आहे. संघात तट पडले. लाला अमरनाथ हा चोविशीतला तरुण. १९३३ साली मुंबईच्या जिमखान्यावर भारताचे पहिले कसोटी शतक त्यानेच झळकविलेले. दौऱ्यात तो उत्तम खेळत होता. लॉर्ड्सवरील एका सामन्यात त्याला पॅड बांधून ताटकळत ठेवण्यात आले आणि दुसऱ्यांना खेळावयास पाठविण्यात आले. त्याचा संयम सुटला. तो संतापाने काही बोलला. शिक्षा काय? पहिल्या कसोटीपूर्वीच त्याची बोटीने घरी रवानगी झाली.

तीन कसोट्यांपैकी दोन भारताने गमावल्या. नायकाच्या सहा डावांतील एकूण धावा तेहतीस. त्याच मालिकेत मँचेस्टरला विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी सलामीला २०३ धावा उभारल्या. अखेरच्या कसोटीत चाळिशी गाठलेल्या नायडूंना ॲलनचा चेंडू अंगावर जोराने लागला, तरी मदत नाकारून त्यांनी ८१ धावा काढल्या. म्हणजे संघात गुणांचा तुटवडा नव्हता. गुणांना ओळखणारा नायक नव्हता. आणि हा दौरा चालू असतानाच सरकारने विझींना 'सर' ही पदवी दिली!

घरी परतल्यावर चौकशी झाली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन ब्यूमाँट यांच्या समितीने १९३७ साली अहवाल दिला. अमरनाथ निर्दोष ठरले. नायकाला क्षेत्ररचना व गोलंदाजीतील बदल कळत नव्हते, फलंदाजीचा क्रमही निश्चित नसे, असा स्पष्ट ठपका समितीने ठेवला. विझी पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

श्रोतेहो, चरित्र येथे संपले असते तर मी ते आपणापुढे मांडले नसते. या माणसाला पुढे एकोणतीस वर्षांचे आयुष्य लाभले. देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांनी 'सर' ही पदवी सोडून दिली. १९५४ साली ते क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. १९५८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६२ च्या निवडणुकीत विशाखापट्टणमच्या मतदारांनी त्यांना काँग्रेसच्या वतीने लोकसभेत पाठविले. ज्यांचे पूर्वज प्रजेकडून मुजरे घेत, त्यांना मतासाठी प्रजेपुढे हात जोडावे लागले; आणि माझ्या मते त्यात त्यांची शोभा वाढलीच.

परंतु या उत्तरार्धातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. उत्तर प्रदेशातील क्रिकेटची सूत्रे विझींच्या हाती होती. १९५६-५७ च्या हंगामात रणजी स्पर्धेसाठी त्यांनी संघाचे नेतृत्व करण्यास कोणाला बोलाविले? एकसष्ट वर्षांच्या सी. के. नायडूंना! ज्यांना डावलून वीस वर्षांपूर्वी नायकपद घेतले, त्यांच्याच हाती ते दिले. नायडूंनीही जुना सल मनात न ठेवता ते स्वीकारले आणि त्या वयात राजस्थानविरुद्ध ८४ धावा केल्या. हे प्रायश्चित्त होते की केवळ व्यवहार, हे त्या दोघांनाच ठाऊक. मला मात्र त्यात चूक दुरुस्त करण्याचा राजमार्ग दिसतो. २ डिसेंबर १९६५ रोजी काशीस विझींचे निधन झाले. विद्यापीठांच्या विभागीय संघांची स्पर्धा त्यांच्या नावाच्या चषकासाठी खेळली जाऊ लागली.

आता माझे खाजगी नाते सांगतो. लहानपणी आमच्या आळीत मुलांचा क्रिकेटचा संघ होता. बॅट आणि यष्ट्या माझ्या वडिलांनी घेऊन दिल्या होत्या. म्हणून कप्तान मी. आमच्यात खरा खेळणारा एक मुलगा होता. त्याची आई चार घरी पोळ्या लाटी. अंतिम सामन्यात मी त्याला सातव्या क्रमांकावर पाठविले आणि स्वतः पहिला गेलो. पहिल्याच षटकात बाद झालो, सामना हरलो. तो मुलगा एक शब्दही बोलला नाही. त्याच्या पायाला पॅडही नव्हते. तो नुसता बॅट मांडीवर घेऊन बसला होता. अमरनाथांची हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला तो चेहरा आठवला आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले. त्याची क्षमा मागावयाची राहून गेली.

आपल्या मंडळात देणगीदार आहेत, जुनी घराणी आहेत, आणि पोळ्या लाटून मुले शिकविणाऱ्या मातासुद्धा आहेत. देणगीदारांवाचून मंडळ चालणार नाही. त्यांचा मान ठेवलाच पाहिजे. परंतु कार्यकारिणी निवडताना, शिष्यवृत्ती देताना, मुलांच्या हाती काम सोपविताना बॅट कोणी विकत आणली हे न पाहता ती कोणाला चालविता येते हे पाहावे. जन्म आपणास मैदानाच्या फाटकापर्यंत आणून सोडतो. आत गेल्यावर प्रत्येकाला स्वतःच्याच धावा काढाव्या लागतात. आणि एखाद्याला आपण डावलले असेल, तर वीस वर्षांनी का होईना, त्याला बोलावून मानाने पुढे करावे. माझ्यासारखा उशीर करू नये.