परदेशी कागद पाठवताना

आम्ही काशीगावच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आमच्यातल्या एका ताईंच्या लेकीला दुबईत नर्सची नोकरी लागली. एजंटनं पैसे घेऊन तिच्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, आणून दिला. दुबईत तो चाललाच नाही! धावपळीत दोन महिने गेले, नोकरी जाता जाता वाचली.

तेव्हा कळलं, आधी देश बघायचा. २००५ साली भारत हेग करारात आला. करारातल्या बहुतेक देशांना अपोस्टिल पुरतं. ओमान त्यात आहे, सौदीही २०२२ साली आला. दुबई, कतार, कुवेतला मात्र त्यांच्या वकिलातीचाही शिक्का लागतो.

राज्य सरकारची तपासणी आधी, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का नंतर. मंत्रालय कागद थेट घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये. संस्थेचा आकार वेगळा. म्हणून एजंटनं हजारो सांगितले, तर कशाकशाचे ते विचारा.

पावतीशिवाय मूळ कागद कुणालाही देऊ नका. आणि लेकीच्या जन्मदाखल्यावर, मार्कशीटवर, पासपोर्टवर नाव एकसारखं आहे ना, ते आजच बघा.