कोणाची कोण?

पदवीधर मित्रहो, अभिनंदन. ते आज तुमचं सगळेच करतील, म्हणून प्रस्तुत वक्ता त्यात फार वेळ घालवत नाही. त्याने चाळीस वर्षं वर्तमानपत्रात सिनेमाचं पान सांभाळलं. त्या पानाबद्दलची जळजळ अजून शमलेली नाही.

सकाळी गाडी इथल्या राजकमल चौकातून आली आणि त्याला मुंबईचा राजकमल स्टुडिओ आठवला, व्ही. शांतारामांचा. त्यांच्या ‘तूफान और दिया’पासून (१९५६) अभिनेत्री नंदाचं नाव झालं. शांताराम नात्यातले, वडील मास्टर विनायक. पत्रकारांना आणखी काय हवं?

विनायक म्हणजे अत्र्यांचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८) पडद्यावर आणणारे दिग्दर्शक. पण १९ ऑगस्ट १९४७ला ते गेले. देश स्वतंत्र होऊन चार दिवस झालेले, मुलगी आठ वर्षांची. ‘मंदिर’ अर्धवट राहिला. तो दिनकर पाटलांनी पुरा केला. आपण ज्याला वारसा म्हणतो, तो त्या पोरीच्या वाट्याला घरखर्चाच्या रूपाने आला. शांतारामांच्या राजश्रीचं वेगळं. तिच्यासाठी ‘गीत गाया पत्थरों ने’ (१९६४) खुद्द वडिलांनी दिग्दर्शित केला.

अकोल्याला ‘छोटी बहन’ (१९५९) लागला तेव्हा वक्ता दहा वर्षांचा. घर कापसाच्या दलालाचं, त्यामुळे आईच्या पदराला सरकीचं तूस कायम. आंधळ्या बहिणीचे हाल पाहून तो पदर ओला झाला. खेळ सुटला तरी आई उठेना. डोअरकीपर बॅटरीचा झोत जमिनीवर धरून म्हणाला, “बाई, रडून झालं असन तं निंगा आता, दुसरा खेळ लागते.”

या रडण्यानेच नंदाला बहिणीच्या भूमिकांत अडकवलं. तरी तिने वाट काढली. शशी कपूर नवा होता, चित्रपट पडत होते. मोठं नाव असूनही ती त्याच्याबरोबर काम करत राहिली, आणि ‘जब जब फूल खिले’ने (१९६५) दोघांना हात दिला. हिंदीत गाण्यांशिवाय सिनेमा काढायची छाती ‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तेफाक’ (१९६९) यांनी दाखवली. दोन्हींत नंदा! वक्त्याने त्यावर लेख लिहिला, तर संपादक म्हणाले, “गाणी नाहीत, तर वाचणार कोण?”

तुमच्यातले जे या धंद्यात येतील, त्यांनी एवढं करा : ‘अमक्याची मुलगी’ लिहिलंत की पुढचं वाक्य तिच्या कामाचं लिहा. ते सुचत नसेल तर पहिलंही खोडा. पुन्हा सांगतो, खोडा.

२५ मार्च २०१४ला नंदा गेली. वक्त्याने रात्री ६०० शब्द पाठवले. सकाळी अंकात ६० होते, शेजारी चपलांची जाहिरात. मथळ्यात वडील. वक्ता तरातरा कचेरीत गेला. उपसंपादक तुमच्याच वयाचा. त्याने निमूटपणे संदर्भाची फाइल पुढे सरकवली : “सर, यात एवढंच आहे.”

वरचं कात्रण ‘प्रेम रोग’च्या वेळचं, १९८२चं. फोटोखाली ओळ होती, ‘मास्टर विनायक यांची कन्या’. बाकी काही नाही. ती ओळ वक्त्यानेच लिहिली होती.

ते कात्रण खिशात आहे. कोणाला पाहायचं असेल तर चहाच्या वेळी भेटा.